आधी मेख, मग कळस : कल्पनेतल्या तंबूंविषयी

संताजी घोरपडे आणि त्यांच्या साथीदारांनी औरंगजेबाच्या डेऱ्याचे तणावे कापले आणि वरचा सोन्याचा कळस पळवून नेला, ही हकिकत मराठी घरात वाढलेल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. साल १६८९. संभाजी महाराजांच्या हत्येची जखम ताजी होती आणि बादशाही छावणी तुळापूरच्या परिसरात पडलेली होती. हा प्रसंग शाळांच्या भिंतींवर, दिवाळी अंकांत, गणेशोत्सवातल्या देखाव्यांत पुन्हापुन्हा रंगवला जातो. मी पाहिलेल्या बहुतेक चित्रांत घोडे आहेत, मशाली आहेत, उगारलेल्या तलवारी आहेत, डेऱ्यावर झळाळणारा कळस आहे. तणावे मात्र नाहीत. जे कापल्यामुळे गोष्ट घडली, तेच काढायचे राहून गेले आहे.

तणावे काढले की प्रसंगच बदलतो. मोठ्या डेऱ्याचा मधला खांब बहुधा खोल पुरलेला नसतो. तो जमिनीवर टेकलेला असतो आणि चहूबाजूंच्या दोरांनी ओढून धरल्यामुळे उभा राहतो. एका बाजूचे दोर तुटले की समोरच्या बाजूचे दोर त्याला आपल्याकडे खेचतात. म्हणजे डेरा कापणाऱ्यांच्या अंगावर येत नाही. तो पलीकडे कलंडतो, आणि कळस जाऊन पडतो तोही पलीकडेच. तो हाती लागायचा असेल तर काही माणसे आधीच त्या अंगाला दबा धरून बसलेली हवीत. मग दोन तुकड्या आल्या, त्यांच्यातला इशारा आला, कोणता दोर आधी कापायचा हे ठाऊक असलेला एखादा माहीतगार आला. दोराची एक रेघ नीट काढली तर चित्रकाराला एवढी गोष्ट फुकट मिळते.

या पुस्तकाचा विषय असेच तंबू आहेत, पण कुठेही नसलेले. राक्षसांच्या राजाची छावणी, वाळवंटातल्या पऱ्यांचा बाजार, आकाशातून उतरलेल्या सैन्याचे तळ, पाण्यावर तरंगणाऱ्या राहुट्या. मुलांच्या पुस्तकांसाठी, नाटकांच्या नेपथ्यासाठी, चित्रपट आणि खेळांसाठी आज आपल्याकडची कितीतरी तरुण मंडळी असली दृश्ये काढतात. त्यांचा हात उत्तम आहे, रंगांची जाण उत्तम आहे. तरीही त्यांचे तंबू पुष्कळदा पुठ्ठ्याचे वाटतात. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याचा डोळा अडतो. त्या अडण्यामागचे कारण बहुतेक वेळा एकच असते: तंबू कशाच्या जोरावर उभा आहे, हे चित्रकाराने स्वतःला विचारलेलेच नसते.

कल्पनेला नियमांची बेडी घालायची नाही, हे आधीच सांगतो. अरबी सुरस कथांमध्ये राजपुत्र अहमदाला परीबानूकडून एक तंबू मिळतो. तो मुठीत मावतो आणि उघडला तर अख्खे सैन्य त्याच्या सावलीत बसते. हॅरी पॉटरच्या गोष्टीतला तंबू बाहेरून दोन माणसांचा आणि आतून घराएवढा. वाचक दोन्ही आनंदाने मानतो, कारण जादू कुठे आहे हे गोष्ट उघडपणे सांगते. एका ठिकाणी जादू ठेवली की बाकीच्या सगळ्या ठिकाणी दोर दोरासारखा आणि कापड कापडासारखे वागले पाहिजे. उलट जिथे जादूचा उल्लेखही नाही आणि शंभर हात रुंद छत मधल्या एकाही खांबाशिवाय सपाट तरंगते आहे, तिथे वाचकाचा विश्वास उडतो. एकदा उडालेला विश्वास राजाच्या मुकुटावर कितीही हिरे जडवले तरी परत येत नाही.

मी हे हरसूलला राहून लिहिले, आणि गावाचा या पुस्तकात मोठा वाटा आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हे गाव नाशिकच्या पश्चिमेला, मोखाडा-जव्हारकडे जाणाऱ्या डोंगराळ पट्ट्यात आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांची वस्ती, भाताची आणि नागलीची शेती, आणि पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. अशा ठिकाणी डोक्यावरचे आच्छादन ही हौसेची गोष्ट नसते.

इथल्या आठवडे बाजारात सकाळी पाले उभी राहताना पाहावीत. दोन बांबू, वर आडवा तिसरा, त्यावर ताडपत्री, आणि चार-सहा दोर. रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा असेल तिथे खुंटी शिरत नाही. मग दोर दगडाला बांधला जातो, मालाच्या गोणीला, उभ्या टेम्पोच्या चाकाला, नाहीतर शेजारच्या पालाच्या बांबूला. सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ही शेवटची आहे. एका रांगेतली दहा पाले एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे मधल्यांना दोर कमी लागतात, आणि टोकाच्या दोन पालांचे दोर मात्र सर्वांत जाड, सर्वांत लांब. सगळ्या रांगेची ओढ शेवटी त्यांच्यावर येते. परीकथेतला बाजार काढणाऱ्याने हे एकदा पाहिले की त्याच्या चित्रातली दुकाने सुटीसुटी राहत नाहीत. रांगेच्या टोकाला एखादा जुना वृक्ष किंवा दगडी हत्ती आपोआप येतो, कारण दोर बांधायला तिथे काहीतरी भक्कम हवेच असते.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. कापड आणि दोर यांना फक्त ओढ सोसते. ते ढकलू शकत नाहीत. खांबाला दाब सोसतो. आणि जमिनीला दोन्ही सोसावे लागते: खांबाखाली ती दबते, मेखेपाशी ती उपसली जाते. तंबूचे कोणतेही चित्र घ्या आणि कळसापासून बोट फिरवत खाली या. बोट कापडावरून शिवणीवर, शिवणीवरून दोरावर, दोरावरून मेखेवर आणि मेखेवरून मातीत गेले पाहिजे. वाटेत कुठेही बोट हवेत अडकले, तर तंबू तिथे खोटा आहे.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, आणि चित्रकारांच्या हातून सर्वाधिक चुका इथेच होतात. दोन टोकांवर ताणलेले कापड मध्ये आत झुकते. ते देवळाच्या घुमटासारखे बाहेर फुगत नाही. बाहेर फुगायचे तर आतून कामट्यांचा सांगाडा हवा, नाहीतर वारा आत भरलेला हवा. कांद्याच्या आकाराचे फुगीर, गुळगुळीत, रेशमी घुमट आणि आत एकही कामटी नाही, असले तंबू मी इतके पाहिले आहेत की या पुस्तकातले एक अख्खे प्रकरण त्यांच्यासाठीच खर्च केले आहे. घुमट हवाच असेल तर कामट्या दाखवा. कापडाखालून त्यांच्या धारा उमटू द्या. चित्र सुंदरच होईल, आणि खरेही.

कामटी काय करू शकते हे पाहायला हरसूलच्या शिवारात दूर जावे लागत नाही. भाताची लावणी करताना पाठीवर घेतात ते इरले बांबूच्या चिरफळ्यांच्या विणीवर पाने बसवून केलेले असते. ते वाकलेल्या माणसाच्या डोक्यापासून कमरेपर्यंतचा पाऊस अडवते, दोन्ही हात मोकळे ठेवते, आणि एका हाताने उचलता येते. त्याला ना दोर, ना मेख. वाकवलेला बांबू सरळ व्हायला बघतो आणि वीण त्याला होऊ देत नाही. त्या झटापटीतूनच इरल्याला ताठपणा येतो. प्लास्टिकच्या कागदाने इरले मागे पडत चालले आहे. पण ज्याला कासवाच्या पाठीसारखी राहुटी कल्पायची आहे त्याने आधी एखादे जुने इरले उलटे करून आतून बघावे.

मध्य आशियातल्या भटक्या लोकांच्या गोल घराचीही थोडी अशीच युक्ती आहे. त्याची भिंत लाकडी जाळीची, वर मधल्या कड्याला टेकलेल्या काठ्या, त्यावर लोकरीचा नमदा. छताच्या काठ्या भिंतीला बाहेर ढकलतात आणि भिंतीभोवती आवळलेला पट्टा तिला रोखून धरतो. म्हणून त्या घराला आपल्या राहुटीसारखे दूरवर पसरलेले तणावे लागत नाहीत. चित्रात दोरांची गर्दी नको असेल तर हा मार्ग आहे, पण पट्टा विसरता कामा नये. पट्टा नसेल तर घर पसरून बसेल.

आता आकड्यांकडे वळतो. चित्रकारांनी पाने उलटू नयेत. हिशेब पाचवीच्या गणिताएवढाच आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा एखाद्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो वजनाइतका दाब देतो. तीन मीटर बाय चार मीटरची ताडपत्री तो पूर्ण झेलत असेल तर तिच्यावर जवळजवळ ३०० किलोंची ओढ आली. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. वादळात मंडप उडतो तो यामुळे, आणि बहुतेक वेळा तो दबून पडत नाही, वर उचलला जातो. २३ जून २०१९ रोजी राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यातल्या जसोल गावी रामकथेचा मंडप वादळात कोसळला आणि किमान १४ माणसे गेली. हे पुस्तक चित्रांसाठी आहे, प्रत्यक्ष मंडप उभारण्यासाठी नाही. यातली आकृती पाहून कोणी शाळेच्या अंगणात शंभर मुलांवर छत उभारू नये. ते काम जाणत्या माणसाचे आणि अभियंत्याचे आहे.

दुसरा आकडा दोराचा. दोन खांबांमधल्या दोराला मधोमध १० किलोचा कंदील टांगला आणि दोर दोन्ही बाजूंना ३० अंशांनी झुकला, तर त्याच्या प्रत्येक बाजूवर १० किलोचीच ओढ येते. तोच दोर जवळजवळ सरळ, फक्त ५ अंशांच्या झुकावाने ताणला, तर ओढ ५७ किलोंवर जाते. पूर्ण सरळ दोरावर काहीच टांगता येत नाही, कारण त्याला अमर्याद ताण लागेल. म्हणून कंदिलांची माळ काढाल तेव्हा तिला झोळ द्या. पट्टीने आखलेल्या रेघेवर लटकणारे कंदील हे खोट्या तंबूचे पहिले लक्षण.

तिसरा आकडा पाण्याचा. एक चौरस मीटर कापडाच्या खोलगट भागात दहा सेंटिमीटर पाणी साचले की १०० किलो वजन झाले. म्हणून पावसाच्या मुलखातल्या तंबूचे पाखे उतरते असतात आणि कोरड्या मुलखातल्या तंबूचे पसरट. अरबस्तानातल्या बदाउनी लोकांचा बकरीच्या केसांचा काळा तंबू बुटका आणि लांबरुंद असतो. त्याचा वैरी वारा आहे, पाऊस नव्हे. तो तंबू जसाच्या तसा उचलून हरसूलच्या आषाढात ठोकला तर रात्रीत तळे होईल. कल्पनेतल्या देशाचे हवामान आधी ठरवा. आकार पुष्कळसा हवामानच ठरवून देते.

तंबूंच्या भव्यतेचा विषय निघाला की सर्वांना मोगल आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण मला भव्यतेपेक्षा त्यांच्या व्यवस्थेचे जास्त कौतुक आहे. अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त बादशाही फर्राशखान्याचे वर्णन केले आहे. मोठ्या बारगाहीत, म्हणजे दरबारी डेऱ्यात, दहा हजारांहून जास्त माणसे मावत आणि ती उभी करायला हजार फर्राशांना, म्हणजे डेरे ठोकणाऱ्या नोकरांना, आठवडा लागे, असे तो सांगतो. छावणी हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० वाहक. आणि सामानाचा दुसरा संच पुढच्या मुक्कामावर आधीच रवाना झालेला, म्हणजे बादशहा पोचेपर्यंत तिथे डेरे उभे. अकबराकडे दुमजली डेराही होता. तो काही चमत्कार नव्हता: अठरा खांबांवर लाकडी तक्तपोशी, आणि त्या तक्तपोशीवर पुन्हा छोटे खांब बसवून वरचा मजला. कापडावर मजला चढत नाही, लाकडावर चढतो. दुमजली, तिमजली राजवाडी तंबू काढणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी त्यांचे अर्धे काम झाले.

अबुल फजलचे आकडे वाचले की एक सवय लावून घ्यावीशी वाटते: तंबू काढला की त्याचे ओझे मोजायचे. जाड सुती कापड दर चौरस मीटरला साधारण अर्धा किलो भरते. पाच हजार चौरस मीटरचे एकपदरी छत म्हणजे नुसते कापड अडीच टन. एका उंटावर दीडशे ते दोनशे किलो लादले, तर तेरा ते सतरा उंट कापडालाच लागले. खांब, दोर, मेखा, गालिचे वेगळे. तुमच्या कथेतला सरदार रातोरात तळ हलवतो म्हणता, तर हे उंट कुठे आहेत? ते चित्रात आले की तळाच्या मागच्या बाजूला जनावरांचा थारा येतो, चाऱ्याच्या गंजी येतात, पाण्याची जागा येते. छावणी जिवंत होते ती अशी.

मराठ्यांच्या छावण्यांविषयी थॉमस ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे वाचण्यासारखी आहेत. तो १८०९मध्ये दौलतराव शिंद्यांच्या लष्करासोबत होता, आणि पत्रे १८१३मध्ये पुस्तकरूपाने निघाली. बिनीवाले पुढे जाऊन निशाण रोवत, त्यावरून महाराजांच्या डेऱ्यांची जागा ठरे आणि बाकीचा तळ त्या अनुरोधाने पडत जाई. रोज नवी जमीन, पण मांडणी तीच. एखाद्या काल्पनिक फौजेचा तळ काढताना चित्रकार तंबू विखरून टाकतात, दिसेल तिथे एक. खऱ्या तळाला गल्ल्या असतात, बाजारपेठ असते, आणि नव्या मुक्कामावरही शिपायाला आपली राहुटी अंधारात सापडते.

नंतरच्या काळात ही विद्या आपल्याकडे सर्कशीत आणि तमाशात टिकली. विष्णुपंत छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ग्रेट इंडियन सर्कस काढली. पुढे म्हैसाळच्या देवलांसारख्यांच्या सर्कशी सांगलीकडच्या भागातून निघाल्या. नारायणगावला आजही हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथे येऊन सुपाऱ्या ठरवतात. जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमाने हेच ज्ञान वापरले. आज एका गावी खेळ, उद्या दुसऱ्या गावी, तिथली जमीन कधी मुरमाड, कधी काळी. काळ्या मातीत पावसानंतर मेख लोण्यासारखी निघते, मुरमात ती बसायलाच घाम फोडते. जुने सुती दोर भिजले की आखडतात, म्हणून रात्री पाऊस आला तर कोणीतरी उठून तणावे सैल करायचे, नाहीतर मेखा उपटल्या जातात. आता नायलॉन आल्यावर गणित उलटे झाले, तो भिजून जरा सैलावतो. मध्यरात्री कंदील घेऊन तणावे सैल करत फिरणारा माणूस एवढे एक पात्र कथेत टाकले तरी तुमचा काल्पनिक तळ खरा वाटू लागेल.

विसाव्या शतकात जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटोने या विद्येला शास्त्राचे रूप दिले. युद्धकैदी असताना अपुऱ्या साहित्यातून निवारे उभारण्याचा अनुभव त्याने घेतला होता. पुढे तो तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यात बुडवून, त्यांवर ताणल्या जाणाऱ्या पडद्याचे आकार अभ्यासत बसे. म्युनिकच्या १९७२च्या ऑलिंपिक क्रीडांगणावरचे पारदर्शक छत त्याच्या या कामातून आले. त्या छताचा प्रत्येक तुकडा खोगिरासारखा आहे, एका दिशेने वर वाकलेला आणि दुसऱ्या दिशेने खाली. सपाट कापड वाऱ्यात फडफडते. दोन उलट दिशांनी वाकवलेले कापड घट्ट बसते. परग्रहावरचे, भविष्यातले तंबू काढायचे असतील तर ओटोच्या इमारतींची छायाचित्रे समोर ठेवावीत. त्या कल्पनेतल्या वाटतात आणि तरी प्रत्यक्ष उभ्या आहेत.

एक शेवटची गोष्ट हरसूलच्या मुलखातलीच. या पट्ट्यात, मोखाडा-जव्हारपर्यंत, बोहाडा होतो. रात्रभर देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगे मुखवटे लावून नाचतात. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. काही चांगलेच मोठे आणि जड. दशमुखी रावण असो की नरसिंह, तो मुखवटा माणसाच्या मानेला आणि खांद्याला बांधलेला असतो आणि माणूस तो घेऊन संबळाच्या ठेक्यावर नाचतो. मुखवटा कितीही अद्भुत असला तरी तो पेलणारी मान खरी असते. बोहाड्यातल्या सोंगाची चाल ठरते ती मुखवट्याच्या वजनावरून. जड मुखवट्याचे पाऊल सावकाश पडते, आणि त्या सावकाश पावलामुळेच देव देव वाटतो. तंबूचेही असेच आहे. वजन लपवू नका. शिवणीवरच्या चुण्या, दोराखाली दबलेले गवत, ओढीने किंचित कललेला खांब, मेखेभोवती फुटलेली माती हे काढायला दोन मिनिटे लागतात, आणि चित्र त्यांच्यावर उभे राहते.

पुढच्या प्रकरणांत आधी जमीन आणि मेखा आहेत, मग दोर आणि गाठी, मग खांब, मग कापड, आणि अगदी शेवटी झालरी, कळस, निशाणे. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. कृपया तो मोडून शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करू नका. प्रत्येक प्रकरणाला जोडलेले नमुने सुतळी, उसाची चिपाडे आणि जुन्या धोतराचे तुकडे वापरून करता येतात. चित्रकला शिक्षकांनी ते वर्गात करून घ्यावेत, आणि झाल्यावर पंखा लावून बघावे.

आणि एक विनंती. फडात, सर्कशीत, फिरत्या सिनेमाच्या तंबूवर ज्यांनी हयात काढली अशी माणसे अजून आपल्या गावांत आहेत. कोणती गाठ ओल्या दोरात सुटते आणि कोणती सुटत नाही, काळ्या मातीत मेख किती तिरपी मारायची, हे त्यांच्या हातात आहे, कागदावर फारसे कुठे नाही. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर त्याच्याजवळ बसा, त्याला दोर द्या, आणि तो काय करतो ते रेखाटून ठेवा.

हरसूल, ता. त्र्यंबकेश्वर, जि. नाशिक